फॅमिली डॉक्टर आणि त्यांची टीम: कोणतं काम कोणाकडे न्यायचं

डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं अनेकदा ड्रेसिंग कधी बदलायचं, गोळी जेवणाआधी की नंतर, रिपोर्ट आला का, यातच जातात. मग उठता उठता आठवतं, 'हो, आणि दोन महिन्यांत वजन बरंच उतरलंय.' खरं तर आत गेल्या गेल्या सांगायची गोष्ट हीच.

नवी तक्रार, निदान, औषध सुरू करणं किंवा थांबवणं आणि तज्ज्ञाकडे पाठवणं ही कामं डॉक्टरांची. बसल्याबरोबर सगळ्या तक्रारी एका दमात सांगा. त्यातली आधी कोणती बघायची हे त्यांना ठरवू द्या. रिसेप्शनवर 'कशासाठी?' असं विचारतात ते चौकशीखोरपणा म्हणून नव्हे. एका वाक्यात कारण सांगितलं तर योग्य माणूस आणि पुरेसा वेळ मिळतो. खाजगी बाब असेल तर तेवढंच म्हणा.

ड्रेसिंग, टाके काढणं, इंजेक्शन, लसी, शुगरचं मशीन वापरायला शिकणं यासाठी नर्स. घरी बीपी कसं मोजायचं तेही त्यांच्याकडूनच एकदा नीट बघून घ्या. मोजण्याआधी 30 मिनिटं चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या, मग 5 मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या पातळीत हवा. 1 मिनिटाच्या अंतराने 2 रीडिंग, सकाळ-संध्याकाळ, 7 दिवस. सगळे आकडे लिहा, फक्त चांगले नकोत. दंडाला पट्टा लहान पडत असेल तर आकडा उगाचच जास्त दिसतो आणि नको असताना औषध वाढू शकतं.

फार्मासिस्टचा उपयोग लोक सगळ्यात कमी करून घेतात. दुखण्यावरची आयबुप्रोफेनसारखी गोळी बीपी वाढवू शकते आणि बीपीच्या काही औषधांसोबत घेतली तर मूत्रपिंडावर ताण आणते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. तापाची वेगळी गोळी घेतली की मात्रा नकळत दुप्पट होते. प्रौढांसाठी 24 तासांत 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. म्हणून यादी करा: औषधाचं मूळ नाव (ब्रँडचं नव्हे), ताकद, वेळ, कशासाठी. चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्या, काढे, व्हिटॅमिन हेही त्यात आलं. ॲलर्जी लिहिताना नेमकं काय झालं तेही लिहा. अंगावर गांध्या उठणं वेगळं आणि जुलाब होणं वेगळं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हॉस्पिटलमधून घरी आल्यावर. जुन्या पाकिटावर एक ब्रँड, नव्यावर दुसरा, आत दोन्हीत ॲम्लोडिपिन हे बीपीचं औषधच. माणूस दोन्ही घेतो, पाय सुजतात, चक्कर येते आणि दोष वयाला जातो. डिस्चार्ज कार्ड आणि घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आठवड्याच्या आत फॅमिली डॉक्टरांकडे जा. नवीन काय, बंद काय, मात्रा कशाची बदलली आणि कोणता रिपोर्ट अजून यायचाय, हे विचारून यादीवर लिहून घ्या. तज्ज्ञाकडून आल्यावरही हेच करा. तज्ज्ञ आपापला अवयव बघतात. सगळं एकत्र बघणारं कोणीतरी लागतं.

रिपोर्टबद्दल 'फोन आला नाही म्हणजे ठीक असेल' असं धरून चालू नका. तो कधी येणार आणि कोण कळवणार, हे निघतानाच विचारा. नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी आठवडाभराच्या गोळ्या उरल्या असतानाच मागा.

फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, समुपदेशक यांच्याकडे थेट जाता येतं का हे रिसेप्शनवर समजेल.

छातीत दाबल्यासारखं दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं किंवा हातपाय लुळा पडणं, श्वास न पुरणं, न थांबणारा रक्तस्राव: यासाठी दवाखान्याच्या वेळेची वाट बघू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा. अर्धांगवायूची शंका असेल तर माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल का, हे बरंचसं त्यावर ठरतं. औषधांची यादीही सोबत द्या.