कोकण किनाऱ्याची गाडीसफर: आधी तिथी बघा, मग नकाशा

रेवस ते रेडी हा सागरी मार्ग नकाशावर सरळ खाली उतरलेला दिसतो. प्रत्यक्षात खाड्यांनी त्याचे तुकडे पाडले आहेत. कुठे पूल आहे, कुठे गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. त्यामुळे किलोमीटर मोजून आखलेली सहल इथे दुसऱ्याच दिवशी कोलमडते. शिवाय बघण्याच्या निम्म्या जागा भरती-ओहोटीवर अवलंबून आहेत. हरिहरेश्वरची कड्याखालच्या खडकांवरून जाणारी प्रदक्षिणा भरतीत जमत नाही, आणि हेदवीची बामणघळ ओहोटीला म्हणजे नुसती खडकातली भेग. म्हणून पंचांग आधी उघडायचं.

हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्ष कोणताही असो, आणि हीच वेळ दुपारीही धरायची, पहाटेही. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. हा ठोकताळा मुंबई-रायगडच्या बाजूला चांगला बसतो. दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते, सिंधुदुर्गात तासाभरापर्यंत फरक पडतो. अर्ध्या तासाची चूक तर कुठेही धरा आणि निघण्याआधी छापील किंवा ऑनलाइन भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि गढूळ होतं. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, चढ-उतार कमी आणि पाणी त्यातल्या त्यात नितळ. मालवणला पाण्याखालचं प्रवाळ बघायचं असेल तर दिवस भांगाचे हवेत.

हे सगळं जुळवलं तर निघायचा दिवस आपोआप ठरतो: अमावास्या, म्हणजे मालवण बरोबर अष्टमीच्या भांगाला येतं. दहा दिवस हातात हवेत. तेवढी रजा नसेल तर रत्नागिरीला तोडून दोन सहली करा. पाच दिवसांत अख्खा किनारा उरकणाऱ्याला गाडीच्या काचेतून दिसेल तेवढाच समुद्र मिळतो.

महिना कोणता? नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर माघ अमावास्येला निघा, म्हणजे फेब्रुवारीअखेर-मार्चची सुरुवात मिळते. मात्र त्यानंतर फाल्गुन शुद्ध पंचमीपासून गावोगावी शिमग्याची गडबड सुरू होते. होळीच्या दिवसांत चाकरमानी घरी आलेले असतात आणि खोली मिळणं अवघड होतं. मे महिन्यात उकाडा आणि गर्दी दोन्ही. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. किल्ल्यांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद, फेरीबोटीही हवामान बघून सुटतात. पावसाळ्यात कोकण जरूर बघा, पण तेव्हा सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, आणि धबधबे बघायला जा, किनाऱ्याची ही सहल तेव्हा नको.

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी घालावी. तासाभरात मांडवा येतं आणि पेण-वडखळची कटकट वाचते. शनिवार-रविवारची जागा आधी आरक्षित करावी लागते. पुणेकरांना ताम्हिणी-माणगाव-म्हसळा हा रस्ता जवळचा. त्यांनी पहिला मुक्काम गाळून प्रतिपदेला थेट दिवेआगर गाठावं.

अमावास्या ते द्वितीया: मुरुड ते हरिहरेश्वर

अलिबाग, रेवदंडा, काशीद करत पहिल्या दिवशी मुरुडला मुक्काम करा. काशीदचा किनारा देखणा, पण लाटा आत ओढणाऱ्या आहेत. उधाणाच्या दिवसांत गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. प्रतिपदेची सकाळ फणसाड अभयारण्याला द्या. सुपेगावच्या बाजूने आत जाता येतं. शेकरू बघायचं तर उजाडताच पोहोचा आणि मान वर करून चाला. त्याचं काटक्यांचं घरटं आधी दिसतं, प्राणी नंतर. दुपारी आगरदांडा-दिघी फेरीने खाडी ओलांडून दिवेआगर. तिथून श्रीवर्धनला जाताना शेखाडी-आरावीचा समुद्रालगतचा रस्ता घ्या. नकाशा कधी कधी आतला रस्ता सुचवतो, त्याचं ऐकू नका. या संपूर्ण सफरीत समुद्राच्या इतक्या जवळून जाणारे रस्ते मोजकेच आहेत.

रात्री हरिहरेश्वरला पोहोचलं की झोपा, कारण सकाळचं काम घड्याळावर आहे. द्वितीयेला भरती दीडची, म्हणजे ओहोटी साडेसातची. प्रदक्षिणेच्या पायऱ्या साडेसहा ते सातच्या दरम्यान उतरा आणि साडेआठच्या आत वर या. खाली लाटांनी कापलेला सपाट खडकाळ कट्टा आहे आणि कड्याच्या दगडाला खारं पाणी व वाऱ्याने पोखरून मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. सगळ्यांचं लक्ष त्या जाळीकडे असतं, आणि अपघात पायाखाली होतात. हिरवट शेवाळलेला खडक टाळा, कोरड्या काळ्या दगडावरच पाय ठेवा. चपलेपेक्षा पकड असलेले बूट बरे. पाणी चढायला लागल्यावर कड्याखालून बाहेर पडायला दुसरी वाट नाही. तिथल्या फलकावर प्रवेश बंद लिहिलं असेल तर तो विषय तिथेच संपला.

फेरीबोटीचं तंत्र

चार फेऱ्या लक्षात ठेवायच्या: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. यांतल्या खाड्यांवर पुलांच्या कामांना हात घातला गेला आहे, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. बोटीत बसायचा वेळ दहा ते वीस मिनिटांचा, खरा वेळ रांगेत जातो. नाताळ आणि जोडसुट्ट्यांत तास-दीड तास सहज. सकाळच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या गाठल्या तर रांग नसते. शेवटच्या फेरीच्या भरवशावर मात्र कधीच राहू नका. ती चुकली तर दाभोळहून पलीकडच्या धोपाव्याला जायला खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. तवसाळला त्यातल्या त्यात सोपं आहे, भातगावच्या पुलावरून पलीकडे जाता येतं.

गाडी चढवताना अडचण येते ती ओहोटीला. तेव्हा धक्क्याचा उतार लांब आणि तीव्र होतो, त्याचा खालचा भाग चिखलाने निसरडा असतो आणि बोटीची लोखंडी फळी त्याला कोन करून टेकते. ठेंगण्या गाडीचं पुढचं बंपर नेमकं तिथे घासतं. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, हळू उतरा. खलाशी हाताने दाखवेल त्या रेषेत चाकं ठेवा. गाडी जड भरलेली असेल तर माणसं आधी उतरवा. दुचाकीवाल्यांनी ओल्या उतारावर पुढचा ब्रेक दाबू नये. बोटीत इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. काचा वर करा, खारे तुषार आत येतात.

द्वितीया ते चतुर्थी: वेळास ते हेदवी

बागमांडल्याहून खाडी ओलांडली की वेळास जवळ आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी इथे वाळूत कुंपण घालून जपतात आणि पिल्लं बाहेर आली की सकाळी उजाडताना किंवा संध्याकाळी सोडतात. रोज पिल्लं निघतातच असं नाही, म्हणून वेळासला थांबणाऱ्यांनी दोन रात्री हाताशी ठेवाव्यात. फ्लॅश बंद, विजेरी बंद, दोरीच्या आत पाय नाही. पिल्लू प्रकाशाकडे चालतं. मोबाइलचा उजेड दिसला तर ते समुद्राऐवजी माणसांकडे वळतं.

केळशीची वाळूची टेकडी आणि आंजर्ल्याची खाडी बघून हर्णैला दुपार उतरताना या. बंदरात मासळीचा लिलाव तेव्हाच रंगतो. तृतीयेला दापोलीवरून दाभोळ, फेरीने धोपावे, आणि मुक्काम गुहागर. दिवेआगर, आंजर्ले, गुहागर या गावांत अनेक घरगुती खानावळी शाकाहारी आहेत. मासे हवे असतील तर खोली ठरवतानाच विचारा. दुपारचं जेवण सकाळी दहा-अकरापर्यंत फोन करून सांगावं लागतं. आयत्या वेळी गेलात तर वडापावावर भागवावं लागेल.

चतुर्थीचा मुख्य कार्यक्रम बामणघळ. हेदवीला उमा-महेश्वराच्या देवळाजवळ खडकात अरुंद, खोल चीर आहे. भरती चढताना लाट तिच्यात घुसते, पुढे जागा निमुळती होत जाते आणि दाबलेलं पाणी उभं उसळतं. ठोकताळ्याने भरती तीनची, थोडी आधीच धरा. दीडला पोहोचून तीनपर्यंत थांबा. पाणी चढत असतानाचा तासभर सगळ्यात चांगला. चिरेच्या तोंडाशी उभं राहू नका. चार लाटा छोट्या येतात आणि पाचवी माणसाला आत घेते.

त्या रात्री गणपतीपुळ्यात मुक्काम टाळा. चतुर्थीला तिथे गर्दी असते. तवसाळ-जयगड फेरी पकडून जयगड किंवा मालगुंडला राहा. पुळ्याचा किनारा उताराचा आहे, दोन पावलांत पाणी कमरेवरून छातीला येतं. पोहणं येत असलं तरी इथे नको.

पंचमी ते सप्तमी: कातळ

आरे-वारेच्या चढावर गाडी ठरलेल्या जागीच लावा, वळणावर नको. रत्नागिरीपासून खाली सगळा जांभ्या दगडाचा सडा आहे आणि त्यावर कातळशिल्पं. उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू यांसारख्या जागा 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आल्या. एका सहलीत दोन पुरेत. वेळ मात्र काटेकोर ठेवा: सकाळी साडेनऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. ऊन तिरपं असेल तर उथळ रेघेत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. बारा वाजता त्याच जागी फक्त तापलेला दगड दिसेल. उक्षीचा हत्ती पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपा, त्याला भिंत घालून वरून बघायची सोय केली आहे. देवाच्या गोठण्याला होकायंत्र न्या. चित्राजवळ काटा भरकटतो. शिल्पावर पाय ठेवू नका आणि फोटोसाठी खडूने रेघा भरू नका.

पुढे कशेळीची देवघळी, जैतापूरचा पूल, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर. हा टप्पा रेंगाळत करायचा. आतल्या रस्त्यांवर ताशी 25-30 किलोमीटरच पडतात, म्हणून दिवसाला सव्वाशेच्या वर आखणी करू नका आणि अंधार पडल्यावर सड्यावरून गाडी नको: दिवे नाहीत, गुरं बसलेली असतात. टाकी अर्धी झाली की भरा. मुरुड, श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरी, देवगड, मालवण इथे पंप आहेत, मधल्या खेड्यांचा भरवसा नाही. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा आणि फेरी, होडी, खानावळीसाठी सुट्टे पैसे बाळगा, कारण खाडीकाठी नेटवर्क जातं.

अष्टमी-नवमी: मालवण आणि पुढे

भांगाचा दिवस, सकाळची वेळ, वारा सुटायच्या आत. स्नॉर्केलिंगला नऊच्या सुमारास पाण्यात उतरा, दुपारनंतर वाऱ्याने पाणी हलतं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मधलं; प्रवाळावर उभं राहणं म्हणजे वर्षानुवर्षांची वाढ मोडणं. होडीवाल्याने नांगर प्रवाळावर टाकला तर बोला, ते त्यालाही ठाऊक असतं. जॅकेटशिवाय होडीत चढू नका. दम्याचा किंवा कानाचा त्रास असेल तर स्कूबा टाळा. देवबागच्या संगमावर वाळूचा पट्टा ओहोटीला उघडा पडतो. अष्टमीला ओहोटी अकरा-बाराच्या सुमारास येते, म्हणजे पाण्यातून बाहेर पडून थेट तिकडे जाता येतं.

नवमीला निवती-भोगवे, मग वेंगुर्ल्याला बचत गटाच्या महिला चालवतात ती कांदळवनातली होडीफेरी. तिला पाणी भरलेलं हवं, म्हणून वेळ आदल्या दिवशी त्यांनाच विचारा. शिरोडा-वेळागरवरून रेडी गाठलं की महाराष्ट्राचा किनारा संपतो. गोव्यात उतरायचं असेल तर तेरेखोल-केरी फेरी आहे. कोल्हापूर-पुण्याला परतणाऱ्यांनी आंबोली किंवा फोंडा घाट घ्यावा, मुंबईकरांनी कुडाळवरून 66 क्रमांकाचा महामार्ग.

गाडी वाळूत कधीच घालू नका. ओली वाळू वरून घट्ट दिसते, गाडी थांबली की चाकाखाली पाणी सुटून ती ढिली होते, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते. घरी पोहोचल्यावर दोन दिवसांत गाडी खालून गोड्या पाण्याने जोरात धुऊन घ्या: चाकांच्या कमानी, ब्रेकच्या तबकड्या, सायलेन्सरचे जोड. हँडब्रेक ओढून आठवडाभर तशीच उभी ठेवलीत तर मिठाने ब्रेक चिकटतात.