बाथरूम फोडण्याआधी कागद करा

दादरच्या आमच्या जुन्या घरात बाथरूम नवं केलं, तेव्हा कंत्राटदाराशी सगळं तोंडीच ठरलं होतं. "वॉटरप्रूफिंग धरलंय ना?" "हो हो, सगळं आलं त्यात." पहिल्याच पावसाळ्यात खालच्या काकूंच्या छताला ओल आली आणि 'सगळं' म्हणजे काय, हे सांगणारा एक चिटोराही आमच्याकडे नव्हता. काकूंसमोर उभं राहायची फार लाज वाटली.

म्हणून करारात नेमकं लिहून घ्या: माल कुठल्या कंपनीचा, डेब्रिज (तोडफोडीचा राडारोडा) कोण उचलणार, गळतीची हमी किती वर्षांची. लाद्या बसवण्याआधी नहाणीतलं पाणी वाहून जायचं तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवायचं, पातळीवर खडूची रेघ मारायची, खालच्या घरात जाऊन छत बघायचं आणि मगच पुढचा हप्ता द्यायचा, हेही त्यातच येऊ द्या.

रंग, प्लास्टर, लाद्या अशा किरकोळ दुरुस्तीला पालिकेची परवानगी लागत नाही. सोसायटीला मात्र लेखी कळवा. आतल्या भिंती हलवायच्या असतील, तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चं कलम ३४२ लागू होतं. आधी पालिकेला नोटीस द्यावी लागते. कॉलम-बीमचा, म्हणजे इमारतीचा भार पेलणाऱ्या खांब-तुळयांचा प्रश्न आला, तर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय हातोडा उचलू देऊ नका, कंत्राटदार "इथे सगळेच करतात" म्हणाला तरी.