लांबलचक नाउन फ्रेज कुठे संपते, ते कसं ओळखावं?

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. सुरुवातीची दोन वर्षं मी शब्दांपेक्षा जास्त अडायचे ती कर्ता नेमका कुठे संपतो यावर. कर्ता म्हणजे बहुधा एक नाउन फ्रेज: मुख्य नाम आणि त्याला जोडलेले आजूबाजूचे सगळे शब्द. हे वाक्य बघा:

द ओल्ड वुडन बॉक्सेस अंडर द टेबल आर एम्प्टी.

मराठीत आपण 'टेबलाखालच्या जुन्या लाकडी पेट्या' म्हणतो. विशेषणांची सगळी वरात पुढे आणि नाम शेवटी. इंग्रजीत मात्र नामामागेही शेपूट असतं, म्हणून आपली नजर क्रियापदाला चिकटलेल्या 'टेबल'वर जाते. पण 'आर' अनेकवचनी आहे, त्यामुळे मुख्य नाम 'बॉक्सेस'च. आता तिथे 'दे' घालून बघा. 'दे आर एम्प्टी' जमतं, 'दे अंडर द टेबल आर एम्प्टी' जमत नाही. म्हणजे 'दे'ने 'द'पासून 'टेबल'पर्यंतचं सगळं गिळलं. तेवढी नाउन फ्रेज.

पुढच्या बाजूचा त्रास कमी. नामाला नाम जोडलं असेल तर शेवटचं खरं: 'मिल्क चॉकलेट' हे चॉकलेट, 'चॉकलेट मिल्क' हे दूध.

खरी गंमत शेपटात क्रियापद लपतं तेव्हा.

द लेटर्स सेंट लास्ट वीक वेअर लॉस्ट.

'सेंट' दिसला की मी 'पत्रांनी पाठवलं' असं काहीतरी लिहून मोकळी व्हायचे! आता आधी 'सेंट'च्या अलीकडे 'दॅट वेअर' घालून बघते. अर्थ न बदलता बसलं, तर ते शेपूट. मराठी कानही मदत करतो: अर्थ 'पाठवलेली' असा लागला तर शेपूट, 'पाठवली' असा लागला तर मुख्य क्रियापद. इथे 'गेल्या आठवड्यात पाठवलेली पत्रं हरवली', म्हणजे मुख्य क्रियापद 'वेअर लॉस्ट'. 'हू', 'विच', 'दॅट' उघड दिसत असतील तर काम सोपं. त्यांच्यानंतरचं पहिलं क्रियापद बहुधा शेपटाचंच.

कधीकधी मात्र 'दे'चा (एकवचन असेल तर 'इट'चा) प्रयोगही दोन्हीकडून होकार देतो. 'शी पेंटेड द चेअर इन द गार्डन' घ्या. 'शी पेंटेड इट' हेही चालतं, 'शी पेंटेड इट इन द गार्डन' हेही. बागेतली खुर्ची रंगवली, की खुर्ची बागेत नेऊन रंगवली? अशा वेळी मी व्याकरण बाजूला ठेवते आणि मागचं वाक्य पुन्हा वाचते.