परसातला तलाव आणि ओंटारिओचा हिवाळा: या चुका टाळा

टोरंटोच्या आसपास घरामागचे पोहण्याचे तलाव साधारण व्हिक्टोरिया डेच्या सुमारास उघडतात, म्हणजे मे महिन्यात २५ तारखेच्या आधी येणाऱ्या सोमवारी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी थँक्सगिव्हिंग येतं, तोवर बहुतेकांवर झाकण पडलेलं असतं. ओढून-ताणून पाच महिने. उरलेले सात महिने तलाव नुसता पडून असतो, आणि त्याचं जे काही बिघडतं ते बहुधा त्याच सात महिन्यांत. गंमत अशी की कोटेशन घेताना आपण लायनरची (तलावाच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराची) नक्षी, दिवे, धबधबा याबद्दल तासभर बोलतो आणि जानेवारीबद्दल एक शब्द विचारत नाही. मीही नव्हता विचारला.

आमचा तलाव १६ बाय ३२ फुटांचा, विनाइल लायनरचा. या भागातलं हे अगदी सर्रास माप. सरासरी पाच फूट खोली धरली तर सुमारे ७२ हजार लिटर पाणी होतं. पुढचे सगळे हिशेब याच मापाचे आहेत.

जमिनीतलं पाणी न पाहता खणणं

आमच्याकडे सहा फुटांवर पाणी लागलं. यंत्र थांबलं, खड्ड्यात गढूळ डबकं साचलं आणि मी हताश होऊन साताऱ्याला आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, पाणी लागलं की लोक नारळ फोडतात, पेढे वाटतात. तू रडतोस काय?"

विहिरीला जे वरदान, तेच तलावाच्या जिवावर उठतं. पातेलं रिकामं असताना पाण्याच्या टाकीत दाबून बघा, ते हाताला वर ढकलतं. रिकाम्या तलावाचंही तसंच होतं. आमच्या मापाच्या तलावाभोवती तळाच्या वर फूटभर जरी पाणी साठलं तरी त्याला खालून सुमारे १४ टनांचा रेटा बसतो. फायबरग्लासचा तलाव अशा वेळी अख्खाच्या अख्खा उचलला जातो, काँक्रीटचा तडकतो, लायनर तळापासून सुटून फुगतो.

"आमच्याकडे पाण्याची पातळी खूप खाली आहे" असं म्हणून निर्धास्त राहू नका. मिसिसॉगा, ओकव्हिल, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात जमीन बरीचशी चिकणमातीची आहे. तिच्यातून पाणी झिरपत नाही. तुम्ही खणलेला खड्डा हाच मग एक मोठा वाडगा होतो: छपराच्या पन्हाळीचं पाणी, वितळलेला बर्फ, शेजारच्या उतारावरून आलेलं पाणी, सगळं भिंतीमागच्या भरावात येऊन थांबतं. मूळ पातळी कितीही खाली असली तरी.

म्हणून खणण्यापूर्वीच्या एप्रिलमध्ये, बर्फ नुकता वितळलेला असताना, परसात एक खोल चाचणी-खड्डा घेऊन दोन-तीन दिवस त्यात पाणी किती चढतं ते बघावं. ऑगस्टमध्ये कोरडा निघालेला खड्डा काहीच सिद्ध करत नाही. बांधताना खोल बाजूला भिंतीबाहेर, तळापेक्षा फूटभर खाली जाणारी, छिद्रं पाडलेली उभी पाइप खडीत बसवून घ्या. तिच्यात वरून लहान पंप सोडला की तलावाखालचं पाणी उपसता येतं. तलाव बांधून झाल्यावर ही पाइप घालायची म्हणजे डेक, तलावाभोवतीची फरसबंदी, फोडायचा. काँक्रीटच्या तलावात तळाशी दाब सोडणारी झडप हवी, आणि ती गंजलेली किंवा कचऱ्याने बंद झालेली नको.

इथेच भारतातून आलेल्यांची एक ठरलेली चूक होते. थंडीत पाणी गोठेल, भिंती फुटतील, म्हणून तलाव रिकामा करून ठेवायचा. उलट आहे. बर्फाचा थर वर तरंगतो, खाली पाणी तसंच राहतं, आणि त्या पाण्याच्या वजनामुळेच बाहेरची माती आणि पाणी भिंतीला आत ढकलू शकत नाही. झाकताना पातळी स्किमरच्या (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या, भिंतीतल्या पेटीच्या) तोंडाखाली काही इंच उतरवली की पुरे, तीही झाकण कुठलं आहे त्यावर अवलंबून. मार्च-एप्रिलमध्ये "एकदा पूर्ण उपसून घासून काढू" हा विचार तर मनातही आणू नका, कारण त्याच आठवड्यांत जमिनीत सगळ्यात जास्त पाणी असतं.

लायनर तळाशी फुगलेला दिसला तर? टोचायचा नाही आणि तलावातलं पाणी काढायचं नाही. बाहेरचं पाणी उभ्या पाइपातून हळूहळू उपसा. आतल्या पाण्याच्या वजनाने लायनर परत बसतो. थोड्या सुरकुत्या राहतात. त्या आमच्याकडेही आहेत.

खणलेलीच माती परत भरणं

भिंत उभी करायला जागा लागते म्हणून खड्डा तलावापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन फूट मोठा घेतात. मग ही फट भरायची कशाने? कंत्राटदाराला सोपं पडतं ते तिथेच ढिगाने पडलेल्या मातीने. पैसेही वाचतात आणि ट्रकच्या फेऱ्याही. ती माती मात्र पुढची दोन-तीन वर्षं बसत राहते आणि तिच्यावरचा डेक तलावाकडे कलतो. पावसाचं पाणी मग डेकवरून थेट भिंतीमागे उतरतं.

थंडीत आणखी एक गोष्ट घडते. बारीक कणांची ओली माती गोठताना खालून पाणी ओढून घेते, त्याचे बर्फाचे पापुद्रे तयार होतात आणि जमीन वर उचलली जाते. टोरंटो भागात पाया निदान १.२ मीटर खोल घेतात तो याचसाठी. तलावाभोवती पाणी साठवणारी चिकणमाती भरली की दर हिवाळ्यात डेक उचलायची आणि दर वसंतात तो खाली बसवायची सोयच करून ठेवली असं समजा. भराव पाऊण इंची धुतलेल्या खडीचा हवा, इथले लोक तिला क्लिअर स्टोन म्हणतात. तिच्यात पाणी थांबत नाही आणि ती फारशी बसतही नाही. कोटेशनमध्ये हा शब्द लिहून घ्या. "योग्य भराव" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ माती.

डेकचा ढाळ तलावापासून बाहेरच्या बाजूला असावा, आणि पन्हाळीचं तोंड तलावापासून दूर वळवावं. नव्या वसाहतींमध्ये मागच्या कुंपणालगत पाणी वाहून जायला उथळ चर ठेवलेला असतो. तो बुजवला की शेजाऱ्यांच्या परसात पाणी तुंबतं आणि नगरपालिकेचं पत्र येतं.

जूनच्या सावलीवर जागा ठरवणं

ही चूक मी हौसेने केली. जूनमध्ये दुपारी बारा-एकला परसात उभं राहून घराची सावली मापली, तीनेक मीटर भरली, आणि तिच्या पलीकडे खुणेच्या खुंट्या मारल्या. आमचं परस घराच्या उत्तरेला आहे. टोरंटो ४३.७ अंश अक्षांशावर, त्यामुळे जूनच्या शेवटी भर दुपारी सूर्य ७० अंशांच्या आसपास असतो, पण सप्टेंबरच्या मध्याला ४९ पर्यंत उतरतो. आठ मीटर उंच घराची सावली तेव्हा सात मीटर होते. हीटर चालू ठेवून हंगाम सप्टेंबरपर्यंत लांबवायचा, आणि नेमका तेव्हाच अर्धा तलाव सावलीत! पुण्यात वाढलेल्या माणसाला मे महिन्यात डोक्यावर तळपणाऱ्या सूर्याची सवय, त्याला हे सुचत नाही. सावली सप्टेंबरची धरा. घर दक्षिणेला नसेल तर हा परिच्छेद विसरून जा आणि शेजाऱ्याच्या मेपलकडे बघा.

हीटर मोठा घेतला की झालं, असं समजणं

तलावातली सगळ्यात जास्त उष्णता वाफेवाटे जाते. आमच्या तलावाचं पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ८४ युनिट ऊर्जा लागते. रात्रीतून पाच मिलिमीटर पाणी उडून गेलं तर ते जाताना १६० युनिट घेऊन जातं, म्हणजे जवळजवळ दोन अंश. रात्रीची हवा थंड आणि पाणी कोमट असताना पृष्ठभागावरून वाफ निघताना दिसते. छान दिसतं, पण ते बिल आहे.

तेव्हा आधी झाकण, मग हीटर. साधं बुडबुड्यांचं निळं सोलर ब्लँकेटही चालतं, बुडबुडे खालच्या बाजूला ठेवून. अडचण ही की ते रोज ओढायचा कंटाळा येतो. बटणावर सरकणारं झाकण हवं असेल तर ते खणण्यापूर्वी ठरवावं लागतं, कारण त्याच्या रुळांना समांतर सरळ कडा लागतात. काजूच्या आकाराचा तलाव फोटोत गोड दिसतो, पण त्यावर असं झाकण बसवणं कटकटीचं आणि महागाचं होतं. माझं मत विचाराल तर थंड प्रदेशात आयतच घ्या.

हीट पंप की गॅस, हा वाद इथल्या प्रत्येक बार्बेक्यूला होतो. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो, म्हणून विजेच्या एका युनिटमागे कित्येक पट उष्णता देतो. पण एक लाख बीटीयूचा (तासाला किती उष्णता देतो त्याचा) आकडा डब्यावर छापलेला असतो तो उबदार हवेचा. मेच्या आठ-दहा अंशांच्या सकाळी तो बराच खाली येतो आणि पंख्यामागच्या जाळीवर बर्फही धरतो. पाणी दहा अंशांनी चढवायला छापील क्षमतेनेही तीस तास लागतात. प्रत्यक्षात तीन-चार दिवस धरून चाला. चार लाख बीटीयूचा गॅस हीटर तेच काम नऊ-दहा तासांत करतो. रोज पोहणारं घर असेल तर हीट पंप, फक्त शनिवार-रविवार पोहणारं असेल तर गॅस. वारा अडवणारं कुंपण दोन्हीच्या खर्चात बचत करतं.

कागदपत्रांत घाई

खोदण्याआधी ओंटारिओ वन कॉल या सेवेला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ते फुकट आहे. गॅस, वीज, टेलिफोनच्या कंपन्या येऊन आपापल्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करतात. मात्र मीटरच्या पुढे तुम्हीच टाकलेल्या वाहिन्या, उदाहरणार्थ बार्बेक्यूची गॅस लाइन किंवा गॅरेजकडे गेलेली केबल, त्यात धरलेल्या नसतात. त्या खासगी माणसाकडून शोधून घ्याव्या लागतात.

तलावाच्या कुंपणाचा परवाना वेगळा असतो. टोरंटोत घरगुती तलावाभोवतीचं कुंपण निदान १.२ मीटर उंच लागतं, आणि फाटक आपोआप बंद होऊन आपोआप कडी लागणारं. दुसऱ्या नगरपालिकेत माप वेगळं असू शकतं, तेव्हा शेजारच्या गावातल्या मित्राचं ऐकून खांब रोवू नका. विजेचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या, आणि इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीची तपासणी झाल्याशिवाय तारांवर काँक्रीट ओतू देऊ नका. तलावाभोवतालचं सगळं धातूकाम एकमेकांना तारेने जोडलेलं असावं लागतं. ते एकदा झाकलं गेलं की कोणाला दिसत नाही.

पैशांबाबत एकच: कोटेशनवर १३ टक्के एचएसटी (इथला विक्रीकर) धरला आहे का ते विचारा, आणि ओंटारिओच्या कन्स्ट्रक्शन अ‍ॅक्टप्रमाणे प्रत्येक हप्त्यातले १० टक्के मागे ठेवा. कंत्राटदाराने खडीवाल्याचे पैसे बुडवले तर खडीवाला तुमच्या घरावर बोजा टाकू शकतो.

झाकताना पाइपात पाणी राहणं

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. तलावात त्याला वर जायला जागा असते, पाइपात नसते. तलावाच्या पाइपा बहुधा गोठण्याच्या पातळीच्या वरच असतात, तेव्हा त्या खोल पुरून नव्हे, रिकाम्या करूनच वाचतात. हवेच्या दाबाने प्रत्येक लाइन फुंकायची, रिटर्नमधून (पाणी तलावात परत येतं त्या तोंडातून) बुडबुडे जोरात येऊ लागले की पाण्याखालीच बूच ठोकायचं. तळाच्या ड्रेनची लाइन फुंकून, बुडबुडे दिसत असतानाच तिची झडप बंद करायची, म्हणजे आत हवा अडकून राहते. स्किमरमध्ये दबणारी पोकळ नळी किंवा बाटली ठेवायची, बर्फाने ती चेपावी, स्किमर नव्हे. अँटिफ्रीझ घालायचं असेल तर तलावासाठीचं प्रॉपिलिन ग्लायकॉल. गाडीचं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं.

पंप, फिल्टर आणि हीटर, तिघांच्याही तळाचे प्लग काढायचे. हीटरमधला अर्धा लिटर विसरलात तर वसंतात उष्णता देणारी नळीच चिरलेली सापडते, आणि ती बदलण्यापेक्षा नवा हीटर घ्या असं दुकानदार सांगतो.

फार लवकर झाकण्याचाही तोटा आहे. पाणी १५ अंशांच्या खाली गेल्यावर झाकलं तर शेवाळ धरत नाही. उघडायला उशीर केला की मेच्या अखेरीस झाकणाखाली हिरवं सार तयार असतं.

उघडल्यावर पाणी कमी होतंय?

आधी बादलीची चाचणी करा. पायरीवर बादली ठेवून तलावाच्या पातळीइतकं पाणी तिच्यात भरा, आत-बाहेर खूण करा, चोवीस तास थांबा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ती नुसती वाफ. तलावात जास्त उतरलं तर गळती आहे. मग एक दिवस पंप चालू ठेवून आणि एक दिवस बंद ठेवून मोजा. चालू असताना जास्त जात असेल तर पंपापासून तलावाकडे जाणारी लाइन फुटली आहे. रिटर्नमधून सतत हवेचे बुडबुडे येत असतील तर संशय स्किमर ते पंप या बाजूवर, कारण तिथे चिरेतून हवा आत ओढली जाते. पंपाच्या झाकणाचं रबरही बघा, पुष्कळदा तेवढंच निघतं. पाणी ठरावीक उंचीवर येऊन थांबत असेल तर छिद्र त्याच उंचीवर शोधा, बहुधा स्किमरच्या तोंडाशी किंवा दिव्याभोवती.

आणि ते काढलेले प्लग पंपाच्याच टोपलीत ठेवा. मी पहिल्या वर्षी ते जपून ठेवायचे म्हणून गॅरेजच्या फडताळात ठेवले. मेमध्ये पंप सुरू केला तेव्हा ते तिथेच होते, आणि तलावातलं पाणी शेजाऱ्यांच्या टोमॅटोच्या वाफ्यात.