नरकचतुर्दशीला कुत्र्याचं औक्षण: दोन घरांच्या रीती एका घरात कशा जमवाव्यात

माझ्या माहेरचं कुलदैवत खंडोबा आणि सासर दार्जिलिंगचं, नेपाळी. आम्ही राहतो पुण्यात, आणि घरात तांबडी नावाची गावठी कुत्री आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत कुणाची रीत पाळायची हा प्रश्न आला, तेव्हा वाट तांबडीमुळेच सापडली, कारण कुत्र्याला दोन्ही घरांत आधीपासून मान होता.

माहेरी चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य झाला की कुत्र्याला घास घालतात, कारण कुत्रा मल्हारीचा सोबती. सासरी तिहारचा, म्हणजे नेपाळी दिवाळीचा, दुसरा दिवस खास कुत्र्यांचा, कुकुर तिहार. पहिला दिवस कावळ्याचा, पाचवा भाईटीका, म्हणजे आपली भाऊबीज. कुकुर तिहार चतुर्दशीचा, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीचाच. आपल्याकडे त्या दिवशी यमतर्पण करतात, तिकडे यमाच्या दारचा राखणदार म्हणून कुत्र्याला पूजतात. हे कळलं तेव्हा आई आणि सासूबाई फोनवर कितीतरी वेळ बोलत होत्या.

आधी दोन्हीकडच्या मोठ्यांना विचारा

काय करायचं यापेक्षा ‘हे का करतात’ हे विचारा. कारण कळलं की कोणती गोष्ट सोडता येणार नाही आणि कुठे बदल चालेल, ते मोठी माणसंच सांगतात. आमच्याकडे कपाळावरचा टीका आणि फुलांची माळ सासूबाईंची, पहाटेचं उटणं आणि औक्षण आईचं, असं ठरलं.

पहाटेचा क्रम

फटाके अभ्यंगस्नानानंतर लगेच सुरू होतात. म्हणून कुत्र्याला सर्वांत आधी, अंधार असतानाच फिरवून आणा. पट्टा घट्ट धरा आणि गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर असू द्या. मग घरच्यांच्या आंघोळी. कुत्र्याला तेल-उटणं लावू नका, तो ते चाटतो. ओल्या फडक्याने अंग पुसलं तरी पुरे. पायाखाली फोडलेलं कारीट लगेच उचला.

टीका, माळ, औक्षण

नेपाळी टीका तांदूळ, दही आणि लाल रंगाचा असतो. बाजारच्या रंगात काय असतं ते सांगता येत नाही, म्हणून आम्ही दह्यात भिजवलेल्या तांदळात चिमूटभर घरची हळद घालतो. कपाळावर, डोळ्यांपासून दूर, बोटभरच लावा. झेंडूची माळ सुती दोऱ्यात ओवा, तार किंवा प्लास्टिकची दोरी नको. गळ्यात दोन बोटं सहज जातील इतकी सैल ठेवा आणि फोटो झाला की काढा. दोरा गिळला तर आतड्यात अडकतो.

औक्षणाच्या ताटातलं निरांजन लांब धरा. तांबडीला ज्योत आवडत नाही, म्हणून आम्ही तिच्यासमोर न पेटवलेली पणती ओवाळतो आणि पेटती देवघरात ठेवतो. सासूबाईंनी ते पाहून मान डोलावली. कुत्रा मागे सरला, कान पाडले, जांभया देऊ लागला, तर तिथेच थांबा. ज्याचा मान करायचा त्यालाच धरून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही.

ताटात काय वाढावं

इथे सर्वांत जास्त काळजी घ्या. बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि चिवड्यात, रव्याच्या लाडवात त्या हमखास असतात. चॉकलेटही विषारी, आणि भेटीच्या डब्यांत तेच जास्त येतं. डबे उंचावर ठेवा. सेलरोटी, म्हणजे तांदळाच्या पिठाचं नेपाळी तळलेलं कडं, तीही तेलकट आणि गोड, त्यामुळे हट्टच असेल तर नखाएवढाच तुकडा. तांबडीचं ताट म्हणजे बिनमिठाचा भात, उकडलेलं अंडं आणि शिजवलेला भोपळा.

चंपाषष्ठीचं भरीत तर आणखी जपून. त्यात कांद्याची पात असते. कांदा-लसूण कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी नष्ट करतो, आणि त्रास कधी कधी काही दिवसांनी दिसतो. पहिल्या वर्षी मी नैवेद्याचं भरीत तिच्यापुढे ठेवलं आणि रात्री तिला घेऊन डॉक्टरकडे धावले. ती वाचली. तेव्हापासून आई भरीत कालवण्याआधी भाजलेल्या वांग्याचा गर आणि कोरडी भाकरी बाजूला काढते. तोच तिचा घास. तळी भरताना उधळलेला भंडारा डोळ्यांत जातो आणि ‘येळकोट येळकोट’चा गजर दचकवतो, म्हणून तेवढा वेळ तांबडी आतल्या खोलीत.

फटाक्यांची रात्र

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, अंधार पडण्याआधीच फिरवून आणा. आतली खोली, ओढलेले पडदे, पंखा सुरू, आणि सोबतीला घरातलं कुणीतरी. कुत्रा पलंगाखाली लपला तर लपू द्या. भीती फारच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, माणसांची झोपेची गोळी कधीच देऊ नका. शेपटीच्या उंचीवर पणती नको. आमच्या पणत्या आता कठड्यावर असतात.

उरलेला झेंडू आणि टीका घेऊन आम्ही खाली जातो. गल्लीतल्या दोन कुत्र्यांना टीका चालतो, तिसरा हाताला लागत नाही, त्याचं ताट नुसतं कोपऱ्यात ठेवून मागे सरायचं.