मलाक्क्यातले तीन मुक्काम: हात राखून खर्च करणाऱ्या दोघांची तयारी

मलेशियातल्या मलाक्क्याला जायचे ठरले की विमानाच्या तिकिटाआधी वार ठरवावा. तिथल्या जोंकर स्ट्रीटवरचा रात्रबाजार शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीनच संध्याकाळी भरतो. शुक्रवार-शनिवारी क्वालालंपूर आणि सिंगापूरकडून लोक लोटतात, त्यामुळे खोल्यांचे दर चढलेले असतात. आणि सोमवारी काही संग्रहालये बंद असतात. हे पाहून आम्ही रविवारी दुपारी पोहोचायचे आणि बुधवारी सकाळी निघायचे असा बेत आखला, म्हणजे रविवारी बाजार, सोमवारी जिथे तिकीट लागत नाही ते सारे आणि मंगळवारी संग्रहालये. आमची खरी बचत या क्रमानेच केली.

कागदपत्रांत किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि खोलीच्या आरक्षणाची छापील प्रत असावी. भारतीय पर्यटकांना डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण या सवलतीला मुदत घातलेली असते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ती चालू असल्याची खात्री करावी. डिजिटल आगमनपत्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाने वेगळे भरायचे असते. ते विनामूल्य आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ समोर आले तर ते सरकारी नव्हे असे समजावे.

परदेशी पाहुण्यांकडून खोलीमागे रात्रीला 10 रिंगिट (मलेशियाचे चलन) पर्यटन कर घेतला जातो आणि ऑनलाइन दिसणाऱ्या दरात तो बहुधा धरलेला नसतो, तेव्हा तीन रात्रींचे 30 रिंगिट रोख वेगळे ठेवावेत.

खोली निवडताना मात्र घाई करू नये. जुन्या वस्तीतली स्वस्त अतिथिगृहे बहुधा अरुंद तोंडाच्या, आत लांबच लांब गेलेल्या घरांत असतात. मध्ये आपल्या वाड्यासारखा उघडा चौक, वर जायला उभा लाकडी जिना, आणि सर्वांत कमी दराच्या खोलीला अनेकदा खिडकीच नसते. खिडकी रस्त्यावर उघडते की चौकात, आणि न्हाणीघर स्वतंत्र आहे की सामाईक, हे आधी लिहून विचारावे. चाकांची मोठी बॅग त्या जिन्यावर शत्रू ठरते, म्हणून प्रत्येकी एक पाठपिशवी पुरे. घरांपुढच्या छपराखालच्या पडवीतून उन्हापावसात आडोशाने चालता येते, पण दर घरागणिक तिची पातळी बदलते. तेव्हा चपलांऐवजी पक्क्या पट्ट्यांचे सँडल घ्यावेत. छत्री आणि तीन चपट्या पिनांचा प्लग अडॅप्टरही विसरू नये.

क्वालालंपूरच्या विमानतळावरून मलाका सेंट्रल या स्थानकापर्यंत थेट बस मिळते. स्थानक जुन्या वस्तीपासून काही किलोमीटर दूर आहे, पण दोघांत ॲपवरची टॅक्सी परवडते. फुलांनी मढवलेल्या, कर्कश गाणी वाजवणाऱ्या सायकलरिक्षात बसायचेच असेल तर भाडे आधी ठरवावे.

शाकाहारी जोडप्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: तिथल्या सांबलात (मिरचीची चटणी) आणि लाक्सात (नूडल्सचे तिखट सार) सुक्या कोळंबीचा वा तिच्या वाटणाचा अंश बहुधा असतोच, आणि ‘भाजी’ मागितली तरी तो सुटत नाही. केळीच्या पानावर वाढणाऱ्या दाक्षिणात्य खानावळी हा त्यावरचा सोपा उपाय. चेंडोल हा गोड पदार्थ मात्र निर्धास्त खावा. नारळाचे दूध, हिरव्या शेवया आणि वर ओतलेला ताडगूळ, ज्याची चव आपल्याकडे माडाचा गूळ खाल्लेल्यांना लगेच ओळखू येईल.

सोमवारची सकाळ सेंट पॉल टेकडीसाठी राखावी, आणि ऊन चढण्याआधी, पाण्याची बाटली भरून घेऊन चढावे. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतले आणि लगेच 1511 मध्ये मलाक्का. पुढे 1641 मध्ये डच आणि 1824 च्या करारानंतर कायमचे इंग्रज आले. टेकडीवरच्या बिनछपराच्या चर्चमध्ये जाळीने झाकलेली एक रिकामी कबर आहे. फ्रान्सिस झेव्हियर यांचा देह 1553 मध्ये काही महिने याच चर्चमध्ये होता आणि तिथून तो गोव्याला नेला गेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बासिलिकेत आपण रांगेत उभे राहून ज्या देहाचे दर्शन घेतो त्याच्या प्रवासाचा हा आधीचा टप्पा. भिंतींना टेकवलेले कोरीव थडग्यांचे दगड वाचायला वेळ ठेवावा. पायथ्याशी पोर्तुगीज किल्ल्याचा एकच दरवाजा उरला आहे. नदीपलीकडे 1781 चे गणपतीचे देऊळ, मशीद आणि चिनी मंदिर जवळजवळ आहेत. तिथे पाय झाकणारे कपडे आणि सहज निघणारी पादत्राणे लागतात.

परत येताना चेंडोलातल्या त्या ताडगुळाच्या लांबट नळ्या घ्याव्याशा वाटतात आणि त्या दमट हवेत पाझरतात, म्हणून निघतानाच पाठपिशवीत घट्ट झाकणाचा एक रिकामा स्टीलचा डबा टाकावा.