मॅप लावून गाडी चालवताय? मग या चुका टाळा

मॅप वापरू नका असं कोणी म्हणत नाहीये, पुण्यातल्या पेठांमधले वन-वे मॅपशिवाय काढणं भल्याभल्यांना जमत नाही. पण हे ॲप वेळ मोजतं, रस्ता बघत नाही, रस्ता बघायचं काम आपलं, आणि आपण ते पण त्याच्यावर सोपवून मोकळे होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रात्रीच्या वेळी अनोळखी भागात "१० मिनिटं वाचतील" दिसलं की लगेच आतल्या रस्त्याला गाडी घालायची. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेली पुण्याची एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ सरळ पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाचं पाणी चढलं की तिथला पूल बुडतो हे आसपासच्या गावात सगळ्यांना माहिती, मॅपला नव्हतं. बाकीचे पोहून बाहेर आले, चालवणारा गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीकडे रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडली, ३ जण गेले, तिथे पण मॅपवरच चालले होते.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे सवय बदलेल. ट्रॅफिकचा अंदाज मॅप बराचसा त्या रस्त्यावर हलणाऱ्या फोनांवरून बांधतो. ज्या रस्त्याने कोणी जातच नाही तिथे जाम कुठून दिसणार, रेघ छान निळी, टाइम कमी. आता रस्ता रिकामा का आहे ते मॅप सांगत नाही, ते पेट्रोल पंपावरचा माणूस सांगतो किंवा टपरीवाले काका सांगतात, काच खाली करून विचारायला आपल्याला का लाज वाटते देव जाणे. पावसाळ्यात तर नक्कीच विचारा, वरंधा घाटासारखे रस्ते दरडीमुळे बंद ठेवतात आणि मॅप कधीकधी तरी पण तिकडूनच नेतो. बॅरिकेड दिसला की बॅरिकेड खरा, मॅप खोटा, वाद घालू नका.

दुसरी भानगड पुलांची. पुलावर जायचं की पुलाखालून हे वरून बघितलेल्या नकाशात नीट कळत नाही आणि जीपीएसला उंचीचं गणित धड जमत नाही. २०२४ पासून गूगलने आपल्याकडे फ्लायओव्हर घ्या असं आधी सांगायची सोय आणली, तरी जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एक बाई रात्री खाडीपुलावर चढायच्या ऐवजी पुलाखालून गेल्या आणि गाडी थेट खाडीत. सागरी सुरक्षा पोलिसांनी वाचवलं म्हणून बरं. पूल आला की स्क्रीन सोडा आणि बोर्ड वाचा, चुकलंच तर पुढे यू-टर्न आहे, रिव्हर्स मारू नका.

गाडी चालवता चालवता पत्ता टाइप करणं हा तर रोजचाच प्रकार. ८० च्या स्पीडला गाडी ५ सेकंदात साधारण ११० मीटर जाते, म्हणजे तुम्ही "हिंजवडी फेज" लिहिताय तोवर गाडी फुटबॉलचं आख्खं मैदान ओलांडून गेली. पत्ता निघायच्या आधी टाका, मध्ये बदलायचा असेल तर शेजारच्याला द्या, एकटे असाल तर थांबा. नियम पण असाच आहे, ऑक्टोबर २०२० पासून चालवताना फोन फक्त रस्ता बघायला चालतो, तो पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, व्हॉट्सॲप त्यात बसत नाही.

टू-व्हीलरवाल्यांनो, मोड बदला! आपल्याकडे बाइकचा वेगळा मोड २०१७ पासून आहे तरी लोक कारच्या मोडवर फिरतात आणि मग एक्स्प्रेसवे, अटल सेतू, सी लिंक असल्या बाइकला बंदी असलेल्या रस्त्यांच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात, काही तर तिथून राँग साइडने मागे फिरतात, ते अजून वाईट. हँडलवर फोन लावणाऱ्यांसाठी अजून एक, मोठ्या इंजिनाच्या बाइकच्या व्हायब्रेशनने आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय, व्हायब्रेशन कमी करणारा माउंट घ्या.

कॅमेऱ्याचा अलर्ट वाजला की कचकन ब्रेक मारणारे तर वेगळेच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून जागोजागी कॅमेरे आहेत, कारला सपाटीवर १०० ची लिमिट, घाटात बरीच कमी. अलर्ट आला की १३० वरून ९० ला उतरायचं आणि पुढे गेलं की परत पळवायची, मागच्या ट्रकवाल्याने काय करायचं? लिमिटवरच चालवा, अलर्टची गरजच पडत नाही.

आता बारीकसारीक अडचणी. आवाज येत नसेल तर आधी म्यूट बघा, मग ब्लूटूथ, बऱ्याचदा आवाज खिशातल्या इअरबडमध्ये जात असतो. बाण भलत्याच गल्लीत दिसत असेल तर बॅटरी सेव्हर बंद करा, अचूक लोकेशन चालू करा, तरी नाही सुधारलं तर फोन हातात धरून हवेत आठचा आकडा काढा (अर्थात गाडी उभी असताना). भातान, कामशेतच्या बोगद्यांत सिग्नल गेला की बाण अडकतो, बाहेर आल्यावर जागेवर येतो, घाबरून लेन बदलू नका. घाटात नेट जाणार हे माहितीच असतं तर घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा, फक्त त्यात ट्रॅफिक दिसत नाही. आणि उन्हात डॅशबोर्डवरचा फोन तापून स्क्रीन काळवंडते, उन्हाळ्यात तो एसीच्या व्हेंटवर लावा, पण इतका खाली नको की बघायला मान खाली घालावी लागेल.